हनुवटीच्या खाली एक वीत

मित्रांनो, तुमच्या करंगळीचे नख पाहा. मी साधारण तेवढाच आहे. एवढ्याशा जिवाची कसली आली आहे कहाणी, असे तुम्हाला वाटेल. पण मी आयुष्यभर माणसांच्या गळ्याजवळ राहिलो आहे, आणि गळ्याजवळ राहणाऱ्याला जे ऐकू येते ते समोर बसणाऱ्याला येत नाही. मी एक जुना कॉलर माइक. बोलणाऱ्याच्या कॉलरीला चिमट्याने अडकवतात ना, तो.

माझा जन्म एका कारखान्यात भिंगाखाली झाला. पांढरी टोपी घातलेल्या एका बाईने माझ्या पोटात एक पापुद्रा बसवला. कांद्याच्या दोन पाकळ्यांमधला पापुद्राही त्याच्यापुढे जाड वाटावा. तुम्ही बोलता तेव्हा हवा हलते, हवेने पापुद्रा हलतो, आणि तो जसा हलेल तशी माझ्या तारेतली वीज कमीजास्त होते. माझे सगळे शहाणपण एवढेच. तारेच्या दुसऱ्या टोकाला कमरेला लावायची एक डबी असते. मी ऐकलेले ती बिनतारी पुढे धाडते आणि दूर टेबलावर ठेवलेले यंत्र ते साठवून घेते. माझ्यात आवाज साठत नाही. शब्द येतो, पापुद्रा थरथरतो, शब्द जातो, पापुद्रा पुन्हा होता तसा. माझे सगळे दुःख तिथेच आहे.

मला एका मोठ्या रुग्णालयाने विकत घेतले. रुग्णालयाला माइक कशाला हवा? तिथे एक छोटासा विभाग होता, धुलाईघराला लागून असलेल्या खोलीत. पलीकडे कपडे धुण्याची यंत्रे सुरू झाली की अलीकडे कपाटातले कप किणकिणत. त्या खोलीत दोन माणसे छोट्या छोट्या फिल्म बनवत. इंजेक्शन स्वतःचे स्वतः कसे टोचावे, टाके ओले न करता अंघोळ कशी करावी, कृत्रिम पाय लावून पहिल्यांदा जिना चढलेल्या सुताराची गोष्ट, अशा त्या फिल्म. तपासणीसाठी लोक रांगेत बसतात तिथल्या पडद्यावर त्या दिवसभर चालत. घाबरून बसलेल्या माणसाला समोर आपल्यासारखेच कोणीतरी दिसावे, एवढाच त्यांचा हेतू.

दोघांपैकी एक होती शूटिंगताई. कॅमेरा तिचा, प्रश्न तिचे, आणि शेवटी कापून जोडणेही तिचेच. दुसरा आवाजाचा माणूस. त्याला सगळे रुग्णालय कानसेन म्हणे. दिव्याची नळी बिघडणार हे त्याला तिच्या गुणगुणण्यावरून कळायचे. "ताई, तो पंखा बंद कर. तो मध्येमध्ये बोलतोय," असे तो म्हणायचा, आणि शूटिंगताई घामाघूम होऊन पंखा बंद करायची. वाऱ्याची फरफर माझ्यात शिरू नये म्हणून त्यानेच मला काळी केसाळ टोपी चढवली आणि लांबून न्याहाळत म्हणाला, "झाला बघ आपला भुंगा तयार!" तेव्हापासून मी भुंगा.

माझी जागा ठरलेली. हनुवटीच्या खाली एक वीत. त्याहून वर लावले तर आवाज हनुवटीखाली दबतो, आणि फार खाली लावले तर माणसापेक्षा त्याचे पोटच जास्त बोलते. त्या जागेवरून मला शब्दांच्या आधी हृदय ऐकू येई. "मला काही कॅमेऱ्याची सवय आहे हो," असे म्हणणाऱ्या मोठ्या मोठ्या डॉक्टरांची हृदये कशी ससा धावल्यासारखी धावत, ते मला विचारा! एकदा तर एक सर्जन मुलाखत संपल्यावर मला घेऊनच थेट स्वच्छतागृहात गेले. कानसेनने कानावरचा हेडफोन असा काही भिरकावला की शूटिंगताईला वाटले, त्याला शॉक बसला.

ते माझे भरभराटीचे दिवस. फिल्म आवडली की लोक शूटिंगताईचे कौतुक करत, आणि ती म्हणे, "आवाज नीट आला म्हणून जमलं." मी फुलून जात असे.

अशातच एके दिवशी क्लचबाई आल्या.

त्यांच्या येण्याआधी त्यांचा आवाज आला. थोडा बसलेला, पण खणखणीत. "दार आलं हं. स्पीड कमी. हळू आत घ्या. अहो, उजवीकडे खुर्ची आहे, रिव्हर्स घ्या. अजून... अजून... बास! हँडब्रेक."

त्यांच्यासोबतचे गृहस्थ बरोबर खुर्चीत टेकले. "गाडी पार्क झाली," ते म्हणाले. "चावी काढली तरी चालेल."

क्लचबाई गाडी चालवायला शिकवत. अर्ध्या गावाला त्यांनी शिकवले होते आणि अर्धे गाव त्यांना घाबरून होते. त्यांचे यजमान पूर्वी घड्याळे दुरुस्त करत. हळूहळू त्यांची दृष्टी गेली, तशी बाईंनी त्यांनाही चालवायला घेतले होते. घरात, रस्त्यात, जिन्यावर, बाई बोलत आणि ते पाऊल टाकत.

आता बाईंच्या स्वरयंत्रात गाठ निघाली होती. औषधांनी आणि किरणांनी ती हटली नव्हती. जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढून टाकावे लागणार होते. मग श्वास गळ्याच्या तळाशी केलेल्या भोकातून घ्यायचा आणि आवाज कायमचा जायचा. पुढे एक छोटी झडप बसवून थोडेफार बोलता येण्याची आशा होती, पण तो आवाज वेगळाच असणार होता. अशा शस्त्रक्रियेला रुग्ण फार घाबरतात, म्हणून सर्जनना एक धीर देणारी फिल्म हवी होती. बाईंनी होकार दिला होता.

कानसेनने मला त्यांच्या निळ्या शर्टाच्या कॉलरीला लावले. शूटिंगताईने प्रश्न विचारले, आणि बाई पाठ केलेले भाषण म्हणावे तशा बोलल्या. "डॉक्टरांवर माझा पूर्ण विश्वास आहे. मी शस्त्रक्रियेसाठी तयार आहे. इतरांनीही घाबरून जाऊ नये." सगळे स्वच्छ, इस्त्री केलेले. एकदाच इस्त्री मोडली. "सगळ्यात जास्त आठवण कशाची येईल?" असे विचारल्यावर त्या पटकन म्हणाल्या, "ओरडायची."

मुलाखत संपली की कानसेनची एक रीत होती. "आता कोणी बोलू नका. खोलीचा आवाज घेतो," असे म्हणून तो सगळ्यांना थोडा वेळ गप्प बसवी. प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते. फिल्म कापून जोडताना शब्दांच्या मधल्या फटी त्याच खोलीच्या शांततेने बुजवाव्या लागतात. सगळे गप्प बसले. तेवढ्यात दारात परिचारिका आली. "बाई, तपासणीला रक्त द्यायला बोलावलंय, चला लवकर." बाई उठल्या, "चला हो, पहिला गिअर," म्हणत त्यांनी यजमानांना उठवले आणि निघाल्या. शूटिंगताईला सर्जनचा फोन आला. कानसेन हेडफोन गळ्यात टाकून दिव्यांच्या वायरी गुंडाळू लागला. आणि मी बाईंच्या कॉलरीवरच राहिलो. टेबलावरचे यंत्र चालूच होते.

रक्त देऊन झाल्यावर बाईंनी यजमानांना लांब व्हरांड्याच्या टोकाला, खिडकीजवळच्या बाकावर नेऊन बसवले.

"काय काय बोललीस गं! तयार आहे म्हणे," ते म्हणाले.

"मग काय सांगू? त्या पोरीचा चेहरा बघितलात का? तिला तेच हवं होतं."

"चेहरा मी कुठून बघणार?"

"तेही खरंच." दोघे हसले. मग बाईंचा श्वास जरा अडखळला. "अहो, मरायची भीती नाही हो मला. गाठ जाईल म्हणतात, जाऊ दे. पण पुढे जिना आला हे तुम्हाला सांगणार कोण?"

"काठी घेईन."

"काठीला काय कळतंय, नातवाने सायकल आडवी टाकलीय ते! आणि आपलं भांडण झालं तर? मी उलट काय बोलणार? दर वेळी तुम्हीच जिंकणार."

"म्हणून तर ऑपरेशनला हो म्हटलं मी."

त्यांनी यजमानांच्या दंडावर चापट मारली, तीही मला ऐकू आली. मग फक्त हृदय. आणि मग अगदी हळू, "माझा आवाज गेला की तुमच्यापुरती मी गेलेच की हो."

यजमानांनी तोंड खिडकीच्या वाऱ्याकडे वळवले. म्हणाले, "खिडकीतून काय दिसतंय?"

आणि बाई सांगू लागल्या. खाली एक जण अँब्युलन्स धुतोय. अर्धी धुतली, अर्धी राहिली, आणि आता तो फोनवर बोलत बसलाय. दोन नर्स बाकावर बसल्यात, एक बूट काढून टाच चोळतेय. फाटकापाशी कोणीतरी गाडी इतकी वाकडी लावलीय की त्याचं लायसन्स काढून घ्यावं. झाडाखाली एक बाळ नुसतंच उभं आहे, त्याला चालायचंय पण पहिलं पाऊल कुठलं टाकायचं ते कळत नाहीये. "क्लच सोड रे," त्या खिडकीतून पुटपुटल्या. "सोड, सोड... टाकलं! अहो, टाकलं त्याने!"

मित्रांनो, मी पुष्कळ आवाज ऐकले. त्या बाकावर माझा पापुद्रा जसा थरथरला तसा पुन्हा कधी थरथरला नाही.

परत येताना बाईंचा हात गळ्याशी गेला. "अगंबाई! हा तुमचा भुंगा माझ्याबरोबरच फिरायला आला की!" त्यांनी मला कानसेनच्या हातावर ठेवले. कानसेनने यंत्राकडे पाहिले. तिथला लाल दिवा चालू होता.

संध्याकाळी दोघांनी ते ऐकले. ऐकून झाल्यावर शूटिंगताई म्हणाली, "फिल्म ही आहे. आपण जी करत होतो ती नाही."

"ताई, ही फिल्म नाही," कानसेन म्हणाला. "हे कोणाच्या तरी घराचं दार लोटून आत शिरल्यासारखं आहे."

"मला कळत नाही का ते?" ती चिडली. "पण खाली रांगेत बसलेल्या माणसाला कोण जास्त उपयोगी? तयार असलेली बाई, की घाबरलेली?"

दोघांचेही खरे होते. शेवटी ठरले की हे ज्यांचे आहे त्यांनाच विचारायचे.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात बाईंनी हेडफोन लावून ते ऐकले. मी कानसेनच्या वरच्या खिशातून डोकावत होतो. मग यजमानांनी ऐकले, हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरून. अँब्युलन्सपाशी ते हसले. बाळापाशी त्यांनी मान खाली घातली, चेहरा मला दिसला नाही, पण त्यांनी नाक ओढले ते ऐकू आले.

"फिल्ममध्ये घालू नका," ते म्हणाले. "कोणाला दाखवूही नका. मला द्या."

"पुसून टाका," बाई म्हणाल्या.

"अगं!"

"पुसून टाका म्हणते ना."

"मग माझ्याजवळ काय राहणार?"

"मी राहणार." बाईंनी आवाज खाली आणला. "अहो, ऐका. हे तुमच्या हाती लागलं की तुम्ही दिवसभर तेच कानाला लावून बसणार. मी समोर असेन, हातवारे करत, घशातून काहीतरी घरघर काढत. आणि तुम्ही म्हणणार, थांब जरा, मी बायकोशी बोलतोय. मला माझ्याच घरात सवत नको."

शूटिंगताई खिडकीकडे वळली.

"तुझं पटतंय," यजमान म्हणाले. "पण ती मला हवी आहे गं."

"मलाही हवी आहे. पण ती नाही येणार. जी येईल तिला घरात जागा ठेवा."

यजमानांनी हेडफोन काढला आणि तो पुढे धरला, भलत्याच दिशेला. कानसेनने वळसा घालून तो घेतला. त्याने दोघांसमोर यंत्राचे बटण दाबले. "पुसलं?" यजमानांनी विचारले. "पुसलं," तो म्हणाला. इस्त्री केलेली मुलाखत तेवढी बाईंनी ठेवू दिली. "ती काय," यजमान म्हणाले, "ती पाहुण्यांपुढची आहे. राहू दे."

मला ओरडून सांगावेसे वाटले, की मी ऐकले आहे, सगळे ऐकले आहे! पण मी रस्ता आहे, मुक्काम नाही. त्या बाकावरचे बोलणे माझ्यातून गेले; शब्द आठवतात, पण त्या आवाजाचा माझ्यात कणही उरला नाही. त्यानंतर कोणाच्याही कॉलरीवर चढलो की मी वाट पाहू लागलो, कदाचित हा माणूस खिडकीतून काय दिसते ते सांगेल. कोणी सांगितले नाही.

फिल्म तयार झाली, पडद्यावर चालली. मग नवे माइक आले, माझ्याहून बारीक आणि माझ्याहून तल्लख. माझी तार डबीपाशी विरली होती. माणूस हलला की मी खरखरायचो. एका खणात, संपलेल्या बॅटऱ्यांच्या शेजारी माझी जागा झाली. केसाळ टोपी कधी गळून पडली ते कळलेही नाही. खणातून मला फक्त धुलाईघर ऐकू येई.

पुष्कळ दिवसांनी खण उघडला. कानसेनने माझ्या तारेला नवा टाका घातला, फुंकर मारली. "भुंग्या, चल. आज दोन माइक लागणार आहेत."

शूटिंगताई या वेळी रुग्णांच्या सोबत्यांवर फिल्म करत होती, आणि पहिली जोडी होती क्लचबाई आणि त्यांचे यजमान. नवा माइक बाईंना लावला. पण त्यांचा श्वास आता गळ्याच्या तळातून येत होता. नेहमीच्या जागी माइक लावला तर वादळ ऐकू येई. म्हणून तो खांद्याकडे सरकवला. मी यजमानांच्या वाट्याला आलो. हनुवटीच्या खाली एक वीत.

यजमान सांगू लागले. पहिले काही महिने घरात नुसत्या थापा होत्या. डाव्या खांद्यावर थाप म्हणजे डावीकडे, उजव्या खांद्यावर म्हणजे उजवीकडे, पाठीवर अख्खा पंजा म्हणजे ब्रेक. "भांडण झालं की सगळीकडे," ते म्हणाले. शूटिंगताई हसली. मग ते जरा पुढे झुकले आणि त्यांनी आवाज उतरवला. "खरं सांगू? ते पुसलेलं मला रोज आठवतं. तिला सांगू नका."

"मी... इथेच... बसलेय," कोणीतरी म्हणाले.

तो आवाज मी ओळखला नाही, मित्रांनो. बाई अंगठ्याने गळ्याचे भोक बंद करत, मग छातीतली हवा झडपेतून वर जाई आणि घशाच्या भिंती थरथरून बोलत. जड गाडी चढावर गिअर बदलते तसा आवाज. एकेका शब्दाला केवढातरी श्वास लागत होता. मी त्यात जुन्या क्लचबाईंना शोधत राहिलो आणि त्या मला सापडेनात. माझ्या मागे यजमानांचे हृदय संथ चालले होते. ते काही शोधत असतील असे वाटले नाही.

शेवटी शूटिंगताईला दोघे चालताना हवे होते. तोच व्हरांडा. बाईंचा एक हात स्वतःच्या गळ्याशी, दुसरा यजमानांच्या कोपराला. व्हरांडा वळतो तिथे त्या म्हणाल्या, "डावीकडे."

मी यजमानांच्या छातीवर होतो, म्हणून मला ठाऊक आहे. त्यांचे वजन डाव्या पायावर आधीच गेले होते. बुटाचा तळ फरशीवर वळला होता. त्यांना स्वच्छ ऐकू आले होते. तरी ते थांबले.

"काय म्हणालीस? ऐकू नाही आलं."

"डावी... कडे."

"अं?"

बाईंनी मोठा श्वास घेतला, अंगठा दाबला. "आता... बहिरे पण... झालात का?"

केवढे लांब वाक्य! यजमानांचा श्वास थांबला होता, तो सुटला. "नाही," ते म्हणाले, "पण अजून एकदा सांग."

आता मी पुन्हा खणात आहे. माझी धूळ पुसा, मला जपून ठेवा, असे मी म्हणणार नाही. वस्तूंचे दिवस संपतात. एकच मागणे आहे. घरात तुम्हाला कोणी काही सांगेल. दूध उतू जातंय, दार लावून घे, असे काहीही, आणि ते तुम्हाला पहिल्याच वेळी नीट ऐकू येईल. तरी कधीतरी, मित्रांनो, थांबून विचारा, काय म्हणालात?

मला कोणालाच तेवढे विचारता आले नाही.